कोरी हनुवटी

मखमलाबादच्या गोटीरामने पन्नाशी उलटल्यावर चित्रं काढायला घेतली, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं की बायको गेल्याने याच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि उरलेल्या निम्म्याला तर तशी खात्रीच होती. बोलायला लोकांचं काय जातं? चौथीत शाळा सोडलेला माळी, मळ्यात मेथी, वांगी आणि झेंडू लावणारा. त्याच्या हातात खुरपं शोभतं, पेन्सिल नाही. कारण काय, हे गोटीराम कुणाला सांगत नव्हता, कारण ते सांगायचं तर स्वतःची चूक सांगावी लागली असती.

ठमाबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, घरात एकही फोटो नव्हता.

पंचाण्णव साली मतदारांची ओळखपत्रं निघाली, तेव्हा गावच्या शाळेत फोटोवाले आले होते. ठमाबाई पहाटेच आवरून, पेटीतलं हिरवं लुगडं नेसून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा फोटो निघणार होता तिचा. पण मेथीच्या जुड्या बांधून तयार होत्या आणि ऊन चढायला लागलं होतं.

"मेथी सुकून जाईल," गोटीराम म्हणाला. "तू आधी बाजार करून ये. फोटोवाले काय पळून चालले का?"

ती लुगडंही न बदलता पाटी घेऊन पंचवटीच्या बाजाराला गेली. गोटीरामने मात्र दहाच्या सुमाराला शाळेत जाऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. ती तीन वाजता परत आली, तोवर फोटोवाले पुढच्या गावाला गेले होते. रिकामी पाटी कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली आणि तिने त्याच्याकडे एकदा बघितलं. गोटीरामने मान वळवली आणि तो बैलांना वैरण टाकायला निघून गेला.

त्यानंतर चार महिन्यांत ताप मेंदूत जाऊन ती वारली.

दहाव्याला रामकुंडावर सगळं उरकल्यावर तिची आई, सिन्नरची लंकाबाई, जवळ आली. "जावईबापू, तिचा येखादा फोटो असला तर द्या. घरी न्यावा म्हनते."

"नाय, मामी."

"येकबी नाय?"

"नाय."

लंकाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती एसटी स्टँडची वाट चालू लागली. पुढे सहा वर्षं तिने या घराची पायरी चढली नाही.

महिन्याभराने फोटोवाले राहिलेल्यांसाठी पुन्हा शाळेत आले. कारकुनाने यादीतून ठमाबाईचं नाव तीनदा पुकारलं. गोटीराम कुंपणापाशी उभा होता. ती गेल्याचं शेवटी दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.

मग शोधाशोध सुरू झाली. पुतण्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. शेजारच्या बहिरूकडे ती लावून त्याने दोनदा बघितली. पंगतीत बुंदी वाढत एक बाई पुढे आली, तीच ठमाबाई. पण प्रखर दिवा अंगावर येताच तिने पदर पुढे ओढला आणि हात आडवा धरला. हिरव्या बांगड्या दिसल्या, तोंड नाही. बहिरूने कॅसेट तिथेच थांबवली, तर पडद्यावर नुसत्या रेघा थरथरत राहिल्या.

त्यांची मुलगी प्रतिभा तेव्हा आठवीत होती आणि एलिमेंट्रीच्या चित्रकलेच्या परीक्षेला बसली होती. ओट्यावर वही घेऊन ती काहीतरी गिरवत होती. गोटीरामने विचारलं, तर म्हणाली, "स्मरणचित्र, नाना. समोर नसलेलं आठवून काढायचं. त्याचा वेगळा पेपर असतो."

"येतं आठवून काढता?"

"सराव केला की येतं. पण बाई म्हणतात, आधी समोरचं नीट बघून काढता आलं पाहिजे. आठवणीतलं त्याच्या नंतर."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार करून आल्यावर, गोटीरामने तिच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून शिवली, ओट्यावर एक वांगं ठेवलं आणि मांडी घालून बसला.

वांगं म्हणजे त्याच्या हातातली वस्तू. तीस वर्षं तोडलं, तोललं, विकलं. तरी पहिल्या दिवशी कागदावर जे उतरलं ते बघून प्रतिभाला हसू आवरेना. "नाना, हा भोपळा आहे का?" त्याला राग आला नाही. त्याने वांगं फिरवून बघितलं. देठाखालच्या हिरव्या टोपीला पाच टोकं असतात, त्यातलं एखादं वर वळलेलं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं आपण काय डोळे मिटून तोडत होतो की काय, असं त्याला वाटलं, आणि त्या विचाराने तो जरा घाबरलाच.

रोज एक पान, खाली तारीख. हा नेम त्याने मोडला नाही. वांग्याची चाळीस पानं झाली, मग झेंडू, मग मेथीची जुडी. जुडीने त्याला तीन महिने रडवलं. मग बैलाचा पाय, विहिरीचा रहाट, स्वतःचा डावा हात, मग येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं. पाऊस असो, सण असो, दुपारी तासभर पेन्सिल. लोक बांधावर थांबून म्हणायचे, "काय काढू राहिला, गोटीराम? आमचाबी काढ की येखादा." तो मान डोलवायचा आणि पुढची रेघ ओढायचा.

पंचवटीत केरू पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. भाजी देऊन परतताना गोटीराम त्याच्या मागे उभा राहून बघायचा. महिनाभर बघितल्यावर केरूच वैतागून म्हणाला, "उभा काय राहतोस? वही दाखव." त्याने पानं चाळली. माणसांच्या तोंडांवर आला तेव्हा थांबला. "डोळे फार वर काढलेस. सगळे हेच करतात. डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर असतात. कपाळाकडे कुणी बघतच नाही, म्हणून ते खाऊन टाकतात." मग पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून, समोरच्याचं माप कसं घ्यायचं तेही दाखवलं. त्यानंतर गोटीराम बाजारात गिऱ्हाइकांचीसुद्धा मापं घ्यायला लागला. एक-दोन बायकांनी त्यावरून त्याला चांगलंच झापलं.

चार वर्षं गेली. बहिरूला दाखवलं की बहिरू ओळखायचा, हा अमका, हा तमका. हात तयार झाला होता. मग एका दुपारी गोटीरामने नवी पेन्सिल तासली, समोर काहीही ठेवलं नाही, आणि ठमाबाई काढायला घेतली.

पाठ आली. झेंडूच्या ओळीत वाकलेली पाठ, बघताक्षणी ओळखू यावी अशी. जुडीला सुतळीचा वेढा देणारे हात आले. मागून दिसणारा अंबाडा आला. तोंड येईना. डोळे मिटले की पदराची कड दिसायची आणि तिच्या आत काही नाही. बावीस वर्षांचा संसार. सुरुवातीची वर्षं आईवडिलांसमोर बायकोकडे बघायचं नाही म्हणून बघितलं नाही, आणि नंतर ती सवयच होऊन बसली. तो पुढे चालायचा, ती मागे. तो ताटाकडे बघून जेवायचा, ती चुलीकडे बघून वाढायची. त्याला ती आवडत नव्हती असं नाही. फार आवडायची. पण बघायचं राहून गेलं.

तिच्या हनुवटीवर गोंदणाचा एक हिरवा ठिपका होता, एवढं पक्कं आठवत होतं. पण कुठल्या बाजूला? त्याने भावजयीला विचारलं, ती म्हणाली डावीकडे. प्रतिभाला विचारलं, तिने पटकन स्वतःच्या उजव्या बाजूला बोट लावलं.

"तिच्या उजवीकडं, का बघणाऱ्याच्या?"

प्रतिभाचं बोट तिथेच थांबलं. मग ते हळूच डावीकडे गेलं, पुन्हा उजवीकडे आलं, आणि तिचे डोळे भरून आले. "नाना, मला पण नाही आठवत." त्या दिवशीच्या पानावर गोटीरामने नुसती तारीख लिहिली.

लंकाबाईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण कुठल्या तोंडाने विचारणार?

पुढे प्रतिभाचं लग्न ठरलं. दोन हजार दोनचा मे महिना. मांडवात आईचा फोटो हवा, असं ती एकदाच म्हणाली आणि मग तिने तो विषय काढला नाही. लग्नात मुलीमागे मामा उभा राहतो, म्हणजे सिन्नरहून पुंजामामा येणार, आणि त्याच्याबरोबर नातीसाठी लंकाबाईही येणार. आता चित्र झालं नाही, तर ती दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत जाणार, हे गोटीरामला कळत होतं. ते त्याला नको होतं. बाकी काहीही चाललं असतं.

प्रतिभा अगदी आईवर गेलीय, असं सगळे म्हणायचे. म्हणून तो रोज दुपारी तिला समोर बसवायला लागला. ती डी.एड. झालेली पोर, ताठ बसायची, नजर न हलवता समोर बघायची. त्याने आधी कपाळ, मग डोळे, मग नाकाच्या बाजूची घडी काढली. गालांचं हाड थोडं रुंद केलं, ओठ जरा बारीक केले, एवढं त्याला आतून कुठून तरी सुचत गेलं. दोन महिन्यांत साठ पानं झाली. साठाव्यावर त्याने पदर काढला, मोठं कुंकू काढलं आणि तो हनुवटीशी येऊन थांबला. चुकीच्या बाजूला ठिपका देण्यापेक्षा त्याने ती तशीच कोरी ठेवली आणि चित्र फ्रेमवाल्याकडे दिलं.

हळदीच्या दिवशी दुपारी सिन्नरची माणसं जीपमधून उतरली. मांडवात खुर्चीवर चित्र ठेवलेलं, त्याला झेंडूचा हार. लंकाबाई काठी टेकत आली आणि त्यासमोर उभी राहिली. मोतीबिंदू काढलेला, जाड भिंगाचा चष्मा. गोटीराम मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, सहा वर्षं या क्षणासाठी घातली होती आणि आता त्याला तिथे थांबवत नव्हतं.

लंकाबाईने बराच वेळ बघितलं. चित्रावरची काच जरा पुसली.

"ठमी," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "पन ही तुमच्या घरची नाय. ही लग्नाच्या आधीची हाय. अशीच बघायची, पार डोळ्यात डोळा घालून. गोंदन बी नाय. ते तर तुमच्या आईनं इथं आल्यावर गोंदवलं. तुम्हाला ही कुढं दिसली, जावईबापू?"

सगळा मांडव ऐकत होता. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण चित्रावर रोज तारीख टाकणाऱ्या माणसाला तेवढंही जमलं नाही.

"नाय दिसली, मामी," गोटीराम म्हणाला. "मी बघितलंच नाय तिच्याकडं. ही प्रतिभावरनं काढलीय. गोंदन कोन्या बाजूला ते आठवंना, म्हून कोरं ठेवलं."

लंकाबाईने खुर्चीच्या कडेला हात टेकला. तिला राग आला की रडू, ते तिच्या तोंडावरून कळेना. "राहू द्या कोरं," ती म्हणाली. "मी मागच्या खेपंला तशीच गेले. ही मी नेते. माझी हाय ही. तुमची तुम्ही काढा."

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी बाप खाली बघतात, गोटीरामने बघितलं नाही. गाडी हलेपर्यंत तो प्रतिभाच्या तोंडाकडे बघत राहिला, इतका की बहिरूने त्याला कोपराने ढोसलं. चित्र जीपमधून सिन्नरला गेलं. घराची भिंत होती तशी राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो ओट्यावर बसला. समोर कुणी नव्हतं. त्याने दाराची चौकट काढली, उंबरा काढला, कडेवरची रिकामी पाटी काढली. धुळीने भरलेलं हिरवं लुगडं काढलं, त्याची एकेक निरी जिथल्या तिथे. त्या दिवशी तीन वाजता, बावीस वर्षांत एकदाच, तिने त्याच्याकडे सरळ बघितलं होतं, आणि त्याने मान वळवली होती. पदराच्या आत पेन्सिल नेऊन तो खूप वेळ थांबला. मग तोंडाची जागा सोडून त्याने खाली तारीख लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या पानावर पुन्हा चौकटीपासून सुरुवात केली.