माझ्या पोटावरचं नाव

मी एक फळी आहे. सागाची. सध्या टेबल म्हणून नोकरीला आहे. वातुरेजो गावातल्या नव्या बॅडमिंटन हॉलात जे कॉफीघर आहे, त्याच्या शेवटच्या कोपऱ्यात, स्वच्छतागृहाच्या दाराशी माझी जागा. आणखी तिघींना माझ्या शेजारी जोडून वरून चकचकीत केलंय. लोक माझ्यावर पेले ठेवतात, मोबाइल ठेवतात, कोपरं टेकतात. माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलते.

झाड असतानाचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कामिसचं घर. मी त्या घराची भिंत होते. म्हणजे पुरी भिंत नव्हे, भिंतीतली एक फळी. कामिस जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. गुरुवारी जन्मला म्हणून कामिस. आमच्याकडे गुरुवारला कामिसच म्हणतात. आईबापांनी नावाचा जास्त विचार केला नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा. माझ्या आतल्या अंगाला चटई टाकून त्याची मुलगी झोपायची. वार्तिना. सहा-सात वर्षांची. झोपेत पाय झाडायची आणि टाच नेमकी मला लागायची.

त्या वर्षी गावानं ठरवलं, आपल्याला बॅडमिंटनचा हॉल हवा. भिंती झाल्या, छप्पर झालं, आणि जमिनीपाशी गाडी अडली. मातीवर पाय घसरत होते. मग शाळेच्या मास्तरांनी तोडगा काढला, प्रत्येक घरानं एक फळी द्यायची. कामिसकडे सुटी फळी कुठली? त्यानं पहार आणली आणि मला भिंतीतून काढलं.

त्याची बायको कंबरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, घराला भगदाड पाडून गावाची जमीन कसली करताय? पोरीच्या अंगाला वारं लागेल तिथनं!"

"बांबूचा तट्ट्या लावतो गं," कामिस म्हणाला. "आणि लागलं थोडं वारं तर लागू दे. ती तिथंच खेळणार आहे ना उद्या?"

फळीवर देणाऱ्यानं आपलं नाव कोरायचं होतं, पण खालच्या अंगाला. वर कोरलं तर नावावर पाय पडतील, असं मास्तरांचं म्हणणं. कामिसनं त्या पावसाळ्यात प्रौढांच्या वर्गाला जाऊन अक्षरं गिरवली होती. पाटीवरची अक्षरं पुसली जायची. न पुसलं जाणारं पहिलं अक्षर त्यानं माझ्या पोटावर काढलं. जीभ दातांत धरून, पटाशीनं, एकेक रेघ. के, ए, एम, आय सरळ आले. शेवटचा एस मात्र उलटा झाला. नागमोडी तीच, पण तोंड दुसरीकडे.

मास्तर पोट धरून हसले. "कामिस, तुझा एस घराकडे परत निघालाय रे!"

"जाऊ दे, मास्तर. निदान घर तरी ओळखतो."

वार्तिना शेजारी उकिडवी बसून बघत होती. तिनं त्या उलट्या एसवरून बोट फिरवलं. मग मला पालथी घातली आणि खिळे ठोकले. पूर्वेच्या खांबापासून तिसरी फळी, मागचा उजवा कोपरा. कामिसनं वार्तिनाला तिथं उभी केली आणि सांगितलं, "आता बिनधास्त उडी मार. खाली मीच आहे."

वर्षभरात तो तापानं गेला. त्याचा फोटो कुणी काढलेला नव्हता. पुढे नदीला पूर आला, काठावरचं कबरस्तान खचलं, त्यात त्याची कबरही गेली. कामिस नावाचा माणूस या जगात होऊन गेला, याची खूण म्हणून माझ्या पोटावरची पाच अक्षरं उरली. एवढा मान कुठल्या फळीला मिळतो? मी मुकाट्यानं पालथी पडून तो सांभाळला.

आणि वार्तिना खेळली हो! अनवाणी खेळायची. मागच्या कोपऱ्यातून उडी घेऊन असा फटका मारायची की समोरची मुलगी फूल कुठं पडलं ते शोधत राहायची. खाली यायची ती माझ्यावर. लहानपणीची ती टाच मी लगेच ओळखायची.

हॉल नुसता खेळाचा नव्हता. तिथं लग्नं लागली, परीक्षा झाल्या, मतदान झालं. नदी पुन्हा फुगली तेव्हा अर्धं गाव आठ दिवस आमच्यावर झोपलं. माणसांचं एक बघितलंय मी, संकट आलं की शेजाऱ्याला उशाशी जागा देतात आणि पाणी ओसरलं की कुंपणावरून भांडतात.

पुढे वार्तिना पोटासाठी सुराबायाला गेली, कापडाच्या गिरणीत. सहा वर्षं आली नाही. नेमकं त्याच काळात छप्पर गळायला लागलं, म्हणून दुरुस्ती निघाली. दोन कोर्टांची तीन करायची, म्हणून सगळ्या फळ्या उखडल्या आणि पुन्हा ठोकल्या, ज्याच्या हाताला जी लागेल ती. मी तिसरी होते, ती चौदावी झाले.

हे वार्तिनाला कुणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? सुतार बाहेरगावचे होते.

ती परत आली आणि हॉलची झाडलोट तिच्याकडे आली. पहिल्याच सकाळी केरसुणी घेऊन ती पूर्वेच्या खांबापाशी गेली, तीन फळ्या मोजल्या, वाकली आणि तिसरीवर तळवा टेकून म्हणाली, "आले हं, बापा."

अगं, मी इकडे! अकरा फळ्या पलीकडे!

तीस वर्षं हे असंच चाललं. ती रोज वाकायची, रोज त्याच फळीला सांगायची. मुलाचं लग्न ठरलं, तिला सांगितलं. नवरा गेला, तिला सांगितलं. मी इकडून ऐकायची. केर काढत ती माझ्यावरून जायची तेव्हा मला वाटायचं, एकदा तरी करकरावं. पण साग फार करकरत नाही. त्या गुणाचंच लोक कौतुक करतात.

मग भागीदारी आली.

हॉलातच सभा भरली. जिल्हा कचेरीचे सुदार्मादी साहेब बोलायला उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. बोलताना रुमालानं मान पुसायचा. "छप्पर गळतंय, तुम्ही बघताच आहात. खालची लाकडं वाळवीनं खाल्लीयेत. सरकारकडे निधी नाही. म्हणून सरकार आणि खासगी कंपनी मिळून हे करणार. तीस वर्षांचा करार. जमीन सरकारची, पैसा कंपनीचा, आणि फायदा तुम्हा लोकांचा."

सागाला म्हणे वाळवी! मला असा राग आला म्हणून सांगू.

वार्तिना मागून उठली. "साहेब, कुठली जमीन सरकारची? खालची माती असेल. वरची ही लाकडी जमीन आमची आहे. माझ्या बापानं घराची भिंत काढून घातलीय."

"कागद आहे का, बू?" बू म्हणजे आई; वयस्क बाईला आमच्याकडे असंच म्हणतात.

"कागद नाही. फळी आहे. तिच्या पोटावर नाव आहे."

लोक हसले. साहेबही हसले, पण नरमाईनं. "बू, हॉलातलं सगळं सामान करारात कंपनीकडे गेलंय. माझ्या हातात नाही ते."

"मला सगळं नको. छप्पर नवं करा, चांगलंच आहे. मला एक फळी द्या. एकच."

आमच्याकडची माणसं मागायला फार लाजतात. वार्तिनानं तर जन्मात कुणाकडे मीठसुद्धा मागितलं नव्हतं. एवढं बोलून ती खाली बसली आणि पदराच्या टोकानं तोंड पुसत राहिली.

फळ्या निघाल्या त्या दिवशी मुकादम होता हेन्दार्तो. त्यानं तिला दारातच गाठलं. "बू, साहेबांनी फोन केला होता. एक फळी घ्या म्हणालेत. पण लवकर दाखवा, अकराला ट्रक हलला पाहिजे."

तिनं दाखवली. मोजायचीही गरज नव्हती तिला. हेन्दार्तोनं पहार घातली, फळी उचलली, उलटी केली. वार्तिनानं खाली बसून ओल्या फडक्यानं साठ वर्षांची माती पुसली.

त्यावर लिहिलं होतं: सागिमिन.

तिनं नावावरून पुन्हा एकदा फडकं फिरवलं. मग तिला हसू फुटलं. "सागिमिन! अरे देवा! आमचा कोंबडा चोरणारा सागिमिन! बाप मरेपर्यंत त्याचं तोंड बघत नव्हता, आणि मी तीस वर्षं त्याच्यापुढे वाकतेय? माझा संसार मी सागिमिनला सांगितला?"

हेन्दार्तोही हसला. मग तिचं हसणं थांबलं आणि खांदे हलायला लागले, तेव्हा त्यानं मान फिरवली.

"दुसरी बघू का, मास?" ती म्हणाली. मास म्हणजे दादा. "उलटा एस आहे. लगेच ओळखू येतो."

"बू, सहाशे फळ्या आहेत. अर्ध्याअधिक ट्रकात गेल्यात."

तरी त्यानं नाही म्हटलं नाही. सकाळी खेळायला येणारे म्हातारे जमलेच होते. ते बाह्या सरसावून कामाला लागले. एक उचलायचा, एक उलटायचा, एक मोठ्यानं नाव वाचायचा. कुणाला आजोबा सापडले, कुणाला सासरे. एक म्हातारा आपल्या आईच्या नावाची फळी छातीशी धरून तसाच भिंतीला टेकून बसला. कामिस निघाला नाही. निघणार कुठून? मी तेव्हा ट्रकात तळाशी होते, पालथी, माझ्यावर दोनशे जणी. वार्तिनाचा आवाज मला ऐकू येत होता. "उलटा एस रे! उलटा एस बघा!" अकराचा ट्रक बाराला हलला. तेवढी माणुसकी हेन्दार्तोनं दाखवली. वरच्यांनी त्याला बोल लावला असणार.

सागिमिनची फळी वार्तिनानं त्याच्या सुनेला नेऊन दिली. "तुझ्या सासऱ्याला सगळं माहितीये माझं," एवढंच म्हणाली.

मला कारखान्यात नेलं. वरचं अंग रंध्यानं तासलं. साठ वर्षांच्या टाचा, घाम, पुराच्या चिखलाचा डाग, सगळ्याचा भुसा झाला. पोटाला मात्र कुणी हात लावला नाही; खालून कोण बघतंय! के, ए, एम या तिघांवर लोखंडी पट्टी बसली, पायाची. आय आणि एस तेवढे मोकळे राहिले.

नवा हॉल देखणा आहे, खोटं कशाला बोलू? दिवे आहेत, गारवा आहे, खेळायला हिरवी गादी आहे. कोर्ट मोबाइलवरून घ्यावं लागतं. गावकऱ्यांसाठी करारात एक सकाळ राखलीय. दारावर मोठी पाटी आहे: कामिस, पाच ते सात, सर्वांना मोफत. उद्घाटनाला वार्तिना ती पाटी बघून थबकली. "बघा, बापाचं नाव दारावर लावलंय," ती शेजारणीला म्हणाली. कॉफीघराच्या भिंतीवरही पाटी आहे: ही टेबलं आपल्या जुन्या हॉलच्या लाकडाची.

ती पाटी वाचल्यापासून वार्तिना दर गुरुवारी येते. आता खेळत नाही, गुडघे गेलेत. वाकता तर मुळीच येत नाही. कॉफीघरात वीस टेबलं, सगळी जमिनीला पक्की केलेली. ती एका वेळी एकाच टेबलाशी बसते, चहा घेते आणि कुणाच्या लक्षात येणार नाही असा हात खाली घालून फळीचं पोट चाचपते. एकदा वाढणाऱ्या मुलीनं विचारलं, "काही हरवलं का, बू? मी बघू वाकून?"

"नाही गं पोरी. गुडघा चोळतेय."

मागायचं तेवढं तिचं सभेत मागून झालं होतं. पुन्हा कुणाला तसदी द्यायची तिची तयारी नव्हती.

खिडकीपासून तिनं सुरुवात केली. वीस गुरुवार. मी विसावी. एकोणीस गुरुवार मी तिला टेबलामागून टेबल माझ्याकडे सरकताना बघितलं. सुकलेल्या लाकडात कसला जीव, असं म्हणतात. माझ्यात होता हो त्या दिवशी.

ती आली. चहा आला. तिनं हात खाली घातला. बोटं पट्टीवरून घसरली, आयच्या उभ्या रेघेवरून गेली आणि एसवर येऊन थांबली. सहा वर्षांची असताना फिरवलेलं तेच बोट. तिनं डोळे मिटले आणि एसची नागमोडी हळूहळू गिरवली. एकदा. दोनदा.

"सरळ आहे," ती पुटपुटली.

अगं बाई, वरून हात घातलास म्हणून सरळ लागला! खालचं अक्षर वरून चाचपलं की उलट्याचं सरळ होतं! वाकून बघ! एकदाच वाकून बघ गं!

तिनं हात बाहेर काढला, रुमालाला पुसला. "कुणा शिकलेल्याचा असेल," ती स्वतःशीच म्हणाली. मग भरल्या डोळ्यांनी तिनं सगळ्या टेबलांवरून एकदा नजर फिरवली. "संपलं, बापा. तू इथं नाहीस."

अजूनही ती गुरुवारी येते. शोधत नाही. माझ्याशीच बसते, कारण कोपऱ्यातली ही जागा कुणाला नको असते. माझ्यावर तळवा टेकून उठते आणि जाताना पूर्वेच्या नव्या खांबाकडे बघते.

मला तिच्याशी बोलता येत नाही. तुम्हाला येतं. कधी वातुरेजोला आलात तर त्या दाराशेजारच्या टेबलापाशी या. तुमचे गुडघे धड असतील तर जरा खाली वाका. आणि शेजारी बसलेल्या त्या म्हातारीला तेवढं सांगा, एस उलटाच आहे.