अडखळलेली शपथ

भाऊसो उसात लपलाय, हे गावात तिघांनाच ठाऊक होतं. एक त्याचा थोरला भाऊ आकाराम. दुसरा आकारामाचा जिवलग गुंडा, जो रोज भाकरी पोचवायचा. आणि तिसरे लालासाहेब, कारण ऊस त्यांचा. बेचाळीसचं साल सरलं होतं, तरी चळवळीतल्या पोरांना धरायला आष्ट्याकडून पोलिसांच्या गाड्या यायच्या काही थांबल्या नव्हत्या. एका सकाळी पोलीस नेमके त्याच सरीत शिरले, भाऊसोच्या मुसक्या बांधल्या आणि त्याला साताऱ्याला नेलं. कोठडीत मार खाऊन पोरगं मेलं. तेव्हापासून आकारामाला अन्न गोड लागेना. दोघांतल्या कुणी घात केला, एवढं त्याला कळायला हवं होतं.

त्यातच जत्रेच्या नाटकाची तालीम सुरू झाली. सांगलीच्या कॉलेजात शिकून आलेल्या पीरमहंमद मास्तरांनी तीनशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी सूडाचं नाटक मराठीत आणलं होतं. त्यातला सरदार मित्राला शिकारीत मारतो आणि वर त्याच्याच बापापुढं गळा काढतो. सरदार झाले होते लालासाहेब, बाप आकाराम.

आकारामाला वाक्यं पाठ होती, पण सोंग काही अंगात येईना. मग मास्तरांनी त्याला समोर बसवून उलगडून सांगितलं.

"आकाराम, ह्या सरदाराची भाषा बघ. बापानं अजून तोंड उघडलं नाही, तोवर हा देवाची शपथ घेऊन मोकळा! कुठं म्हणून शब्द अडत नाही. अरे, पोटात दुःख असलेला माणूस असा घडाघडा बोलतो का? तो अडखळतो. हा घरून पाठ करून आलाय."

लालासाहेब शेजारीच पान लावत होते. "लय खोल हाय मास्तर तुमचं," ते म्हणाले.

आकारामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कसला उजेड, डोंबल! पण त्याला तो उजेडच वाटला. त्यानं रानातल्या भूमिगत पोरांना निरोप धाडला आणि दोघांनाही बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घ्यायला बोलावलं.

गुंडा आला तोच तरातरा. "आन रं हिकडं," म्हणत त्यानं मूठभर भंडारा उचलला. "भाऊसोचं नाव माज्या तोंडातनं गेलं आसंल, तर बिरोबा माजा वंश बुडवू दे. झालं?"

मग लालासाहेब. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला. ओठ थरथरले. "माज्या उसातनं पोरगं न्हेलं... मी काय... काय बोलू रं..." हात असा कापला, की भंडारा फरशीवर सांडला.

ज्याचा हात कापला तो खोटा, ही गावाची जुनी रीत. पोरांच्या नजरा लालासाहेबांकडं वळल्याच होत्या. तेवढ्यात आकाराम मधे पडला. मास्तरांनी सरदाराचं जे सांगितलं होतं, ते त्यानं पोरांना जसंच्या तसं सांगितलं. मेलेला भाऊ त्याचा. त्याच्यापुढं कोण बोलणार?

पोरांनी गुंडाला उताणा पाडला आणि तळपायांवर काठ्या घातल्या. पाय आकारामानं धरले होते, स्वतःच्या हातानं. "आक्या, आरं मी भाकरी न्हेत हुतो रं त्येला!" गुंडा ओरडत राहिला. हाडं मोडेस्तोवर आकारामानं हात सोडला नाही.

मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, ते मी त्या एका पात्राचं सांगितलं होतं! सगळ्या जगाचं नव्हे!"

"गप बसा मास्तर," आकाराम म्हणाला.

जत्रेत नाटक रंगलं. संपलं तेव्हा उजाडलं होतं. रंगपटात तोंडाचा रंग पुसता पुसता लालासाहेब सहज म्हणाले, "फौजदारानं ऊस पेटवतो म्हनून दम दिला गड्या, म्हनून भाऊसोचा ठिकाना सांगितला. आनि मास्तर शिकवत हुतं तवा तितं तू काय एकलाच हुतास व्हय?"

आकारामाचा हात नाटकातल्या तलवारीकडं गेला. ती लाकडाची होती.

"पोरास्नी सांगायचं तर सांग की," लालासाहेब हसले. "गुंडाचं पाय कुनी धरलं हुतं, त्ये बी सांग. मग तुजं पाय कोन धरतंय बगू."

आकाराम बाहेर आला तर दारात गुंडाची बायको साळूबाई उभी. रडून डोळे सुजलेले.

"दादा, म्हायेरची मानसं न्ह्यायला आल्यात. गद्दाराच्या घरात ऱ्हाऊ नगं म्हनत्यात. ह्ये म्हनत्यात, आक्याला इचार, मी कसा हाय त्ये त्यो सांगंल. तुमी सांगाल तसं करीन."

आकारामानं तिच्याकडं पाहिलं. मग मागं, रंगपटाच्या पडद्याकडं. मग स्वतःच्या पायांकडं.

"जा तू म्हायेरला," तो म्हणाला. "त्येनंच धरून दिलं माज्या भावाला."

साळूबाईनं पदर सावरला आणि ती गाडीत जाऊन बसली. गुंडाला पाण्याचा तांब्या द्यायलाही घरात दुसरं कुणी नव्हतं.