झिंग्याचं वेगळं बिऱ्हाड

मुलगी दोन वर्षांच्या शिक्षणासाठी परदेशी गेली आणि घरात उरले सासरे आणि जावई. सासऱ्यांनी जन्मभर खिडक्या-आरशांच्या काचा कापल्या होत्या. हात थरथरायला लागला तसं दुकान बंद केलं. जावई विमा कचेरीत कारकून, मोजकं बोलणारा. भांडणतंटा काही नव्हता, पण बोलणं 'जेवलात का' आणि 'गॅस संपत आलाय' यापुढे सरकत नव्हतं.

जावयाचा सगळा जीव बैठकीतल्या माशांच्या टाकीत. आपणही काही आणावं म्हणून सासऱ्यांनी एकदा बोटभर लांबीचा, आरपार दिसणारा झिंगा आणला. खाली पडलेलं अन्न खाऊन टाकी साफ ठेवतो, असं दुकानदार म्हणाला होता. टाकी साफ राहिली, झिंग्याने मात्र अंग धरलं. चार-पाच महिन्यांत वीतभर झाला, अंगापेक्षा लांब निळ्या नांग्या आल्या, आणि दगडांच्या कपारीपाशी कुणी फिरकलं की तो धावून जाऊ लागला. मासे कमी होत चालले. जावई रोग समजून पाण्यात औषध टाकत राहिला. सातवा मासा गेला त्या सकाळी झिंगा त्याचं शेपूट नांगीत धरून निवांत खात बसलेला दिसला.

सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजच परत देऊन येतो, म्हणाले.

"परत दिला तर कुणाच्या तरी कढईत जाईल," जावई म्हणाला. "त्याची जातच तशी, त्याला काय करणार? वेगळी टाकी घेऊ."

"विकत कशाला? मी करतो."

बोलून तर बसले. माळ्यावरून काच कापायची हिरकणी काढली, आणि पहिलीच काच भलतीकडे तडकली. दुसरीही. संध्याकाळी जावई आला तेव्हा सासरे तुकडे कागदात गुंडाळत होते. त्याने बाह्या सरसावून पट्टी काचेवर दाबून धरली आणि म्हणाला, "तुम्ही फक्त रेघ ओढा."

सासऱ्यांनी एका दमात रेघ ओढली. काच सरळ दुभंगली. हात थरथरायचा तो ओढण्याआधी. एकदा चाल धरली की नाही. पुढच्या काचेला त्यांनी हिरकणी जावयाच्या हातात दिली. त्याने तीन तुकडे वाया घालवले आणि दोघेही हसले. सांधे चिकटवून पाणी भरून पाहिलं, तर एक कोपरा पाझरला. तो खरवडून पुन्हा भरला. या उद्योगात दोन रविवार गेले. झाकण घट्ट हवं, नाहीतर स्वारी चालत बाहेर येईल, हे जावयाने कुठेतरी वाचलं होतं. सासऱ्यांनी झाकणाला कड्या बसवल्या.

नव्या टाकीत झिंगा महिनाभर ऐटीत राहिला. मग एका दुपारी सासऱ्यांनी कचेरीत फोन लावला.

"अरे, गेला रे तो. उताणा पडलाय. तू ये."

जावयाने त्यांना झिंग्याला लपायला टाकीत ठेवलेल्या नळीच्या आत बघायला सांगितलं. फोन तसाच धरून सासरे वाकले. आत झिंगा होता, फिकट, मऊ दिसणारा, मिशा हलवत.

"कात टाकलीय त्याने," जावई म्हणाला. "तीन-चार दिवस आतच बसेल, घाबरू नका. ते कवच काढू नका, त्यालाच खायला लागतं."

सासऱ्यांनी स्टूल ओढलं आणि टाकीपुढे बसले. फोन ठेवायला दोघांनाही घाई नव्हती. जरा वेळाने जावयाने सांगितलं की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही एक टाकी करून हवी आहे; सासऱ्यांना विचाराल का, म्हणत होत्या.

"केवढी हवी ते विचारून ये," सासरे म्हणाले. "आणि येत्या रविवारी कुठे जाऊ नकोस."