खिडकीतले बिल्ले

बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायचं टेबल सगळ्यांत मानाचं. बसून काम, पगार थोडा वरचा, आणि चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं दुपारपर्यंत डोकं हलकं होतं ते वेगळंच. तिथल्या बायका उगाचच हसत असतात, म्हणून आम्ही त्याला हसरं टेबल म्हणायचो. मी तिथला मुकादम. थट्टा करण्यात सगळ्यांच्या पुढे मीच.

दोन वर्षांपूर्वी हवा तपासायला एक मॅडम आल्या. प्रत्येकीच्या गळ्यापाशी त्यांनी एकेक छोटा बिल्ला अडकवला. "सुट्टी होईपर्यंत काढायचा नाही. हवेत काय आहे ते यात साठतं," असं बजावून त्या मालकाबरोबर ऑफिसात गेल्या. त्यांची पाठ वळताच टेबलावर कुजबुज सुरू झाली. वास पकडला गेला तर कारखान्याला टाळं लागणार आणि सगळ्यांच्या पोटावर पाय येणार. मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. मी सगळे बिल्ले गोळा केले आणि मागच्या खिडकीच्या गजांना बाहेरच्या बाजूनं ओळीनं अडकवले. बाहेर झकास वारा होता. संध्याकाळी ते पुन्हा जिच्या तिच्या गळ्यापाशी.

अहवाल आला, हवा निर्धोक. मालकानं तो चौकटीत बसवून दारात लावला आणि वीज खातो म्हणून वास ओढून घेणारा मोठा पंखा बंद केला. गंमत बघा, रोज येता-जाता तो कागद वाचून मलाही तो खरा वाटायला लागला. खाली सही-शिक्का असला की माणूस स्वतःचंच खोटं मुकाट्यानं गिळतो. इतकं, की सहा महिन्यांनी टेबलावर जागा झाली तेव्हा बायकोला पॅकिंगमधून उठवून मीच तिथं बसवलं. वर घरात शेखीही मिरवली.

यंदा तिच्या दंडांवर निळे डाग यायला लागले. कुठं आपटलीस विचारलं, तर कुठंच नाही. दात घासताना रक्त यायचं. एक जिना चढताना ती दोनदा टेकायची.

आज दवाखान्यात डॉक्टर तिच्या रक्ताचा रिपोर्ट बराच वेळ बघत बसले.

"काम काय करता?"

"बुटांचे तळ चिकटवते. सोल्युशन लावून."

"तिथली हवा कधी तपासलीय?"

"तपासलीय तर! एकदम स्वच्छ. दारातच लावलाय कागद," बायको ऐटीत म्हणाली.

डॉक्टरांनी नुकतंच लिहिलेलं काहीतरी खोडलं. आता मी गप्प बसलो तर हे भलतीकडंच शोधत राहणार आणि ही माझ्या हातून जाणार, एवढं मला कळलं. सांगून टाकलं. बिल्ले, खिडकी, वारा, सगळं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हा रक्ताचा कर्करोग असू शकतो. कमरेच्या हाडातून नमुना काढून तपासावा लागेल. आणि त्या टेबलाजवळ आता अजिबात फिरकायचं नाही."

बायको माझ्याकडे वळली. "मला तिथं बसवलंत तेव्हा हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"विसरलो होतो," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"आणि आज सकाळी? माझी जागा रिकामी नको म्हणून तुमच्या बहिणीला बसवून आलात, तेव्हा?"

मी घाईघाईनं बहिणीला फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. कामाच्या वेळात बायकांचे फोन कपाटात बंद ठेवायचे, हा नियम माझाच, आणि कपाटाची किल्ली माझ्याच खिशात. मालकाला लावला, तोही उचलेना. कारखाना सुटायला अजून चार तास होते.

बायकोनं माझ्या हातातून तिची दवाखान्याची फाईल काढून घेतली.

"पळा आधी," ती म्हणाली. "माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय."