करोंदचा डेमो

एम. पी. नगरातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत शर्वरीला तिथल्या सीनियर अंबरीशदादांनीच आणलं होतं. कोण कुठल्या फोनवरून, कुठल्या लॅपटॉपवरून लॉगिन आहे हे सांगणारी आणि हवं त्याचं सेशन तिथल्या तिथे संपवून त्याला बाहेर काढणारी वेब सर्व्हिस तिने लिहिली, तीही त्यांच्याच शेजारी बसून. चोरीला गेलेल्या फोनसाठी ती सोय होती.

बुधवारी दुपारी मालक गौरांग तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"अंबरीशचे सगळे सेशन डिलीट कर. आत्ता. पासवर्डही बंद कर."

"सर, ते करोंदच्या बाजारात आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांपुढे आपल्या सॉफ्टवेअरचा डेमो चाललाय."

"म्हणूनच. राजीनामा दिलाय त्याने, उद्या कस्टमर घेऊन जाईल. पडू दे तोंडघशी."

"डेमो तरी होऊ द्या."

"तू करतेस, की दुसऱ्या कुणाला सांगू?"

तिने डिलीटची रिक्वेस्ट पाठवली, पासवर्डही बंद केला. स्क्रीनवरून दादांचा लॅपटॉप गेला, फोन गेला, टॅबलेट गेला. लगेच तिचा मोबाईल वाजला. गौरांगने खूण केली, स्पीकरवर टाक.

"शर्वरी, अगं एकदम बाहेर फेकलं मला. बघ ना जरा, मंडळी समोर बसलीयेत."

"दादा... सर्व्हर डाउन आहे."

"बरं, घाई करू नकोस. मी सांभाळतो." मग ते व्यापाऱ्यांकडे वळल्याचं ऐकू आलं, "बस दो मिनट, सेठजी. हमारी लड़की देख रही है, बहुत होशियार है."

गौरांग हसला. दादांचे लॉगिनचे प्रयत्न तिच्या स्क्रीनवर एकामागून एक येत राहिले, नाकारले जात राहिले. बऱ्याच वेळाने थांबले.

संध्याकाळी गार्डने दादांना दारातच अडवलं. त्यांचं सामान द्यायला गौरांग स्वतः गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर्व्हर ठणठणीत होता. शर्वरीने काढलं तुम्हाला."

दादांनी काचेतून आत पाहिलं. तिने मान खाली घातली.

रविवारी ती तुलसी नगरला त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने, प्रतिभावहिनींनी उघडलं. आतून दादांचा खोकला ऐकू येत होता.

"घरी नाहीत," वहिनी म्हणाल्या.

शर्वरी उभीच राहिली.

"आहेत. पण नाहीत म्हणून सांग म्हणाले. तुला चालतं ना असं?"

दार लागलं.

सोमवारी गौरांगने तिला दादांची जागा देऊ केली. ती नाही म्हणाली नाही.