इन्शाच्या जत्रेतला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना घोड्यांचा पाळणा आहे. पण कुठल्या जत्रेत तुम्ही मला पाहिलं असेल, अशी समजूत करून घेऊ नका. जत्रेतल्या पाळण्याला लाकूड असतं, लोखंड असतं, वंगणाचा वास असतो. माझ्यापाशी यातलं काहीच नाही. मी राहुरीतल्या एका घरी, एका जुन्या कॉम्प्युटरमधल्या खेळात राहतो. त्या खेळात आधी नुसती रिकामी जमीन मिळते. तिच्यावर पाळणे, झुले, खाऊची दुकानं उभारायची, लोक बोलवायचे आणि तीन वर्षांच्या आत बाग नफ्यात आणायची. जमलं तर शाबासकी, नाही जमलं तर बागेला कुलूप. आमची वर्षं मात्र तुमच्यासारखी लांबलचक नसतात. तुमच्या काही दुपारी गेल्या की आमचं एक वर्ष सरतं.

आमच्या जगात रात्र होत नाही. सूर्य दिसत नाही, तरी सगळीकडे कोवळं ऊन पसरलेलं असतं. माणसं हातात फुगे घेऊन हळूहळू चालतात. एखाद्याच्या हातून फुगा निसटतो, वर वर जातो आणि नाहीसा होतो. तो कुठं जातो हे कुणी विचारत नाही. मी मात्र गोल फिरता फिरता त्या फुग्यांकडे बघत राहिलो आणि एके दिवशी मला कळलं, की आमच्या आकाशाला एक काच आहे. काचेच्या पलीकडे एक मुलगी बसलेली असते. तिचं नाव इन्शा. तिचं बोलणं मला कसं ऐकू येतं, ते विचारू नका. मलाही ते सांगता येणार नाही.

माझा जन्म कुठल्या सुताराच्या हातून झाला नाही. इन्शाने माझ्यासाठी हिरवा रंग निवडला, कडेला झेंडूसारखा पिवळा दिला, एक कळ दाबली आणि मी उभा राहिलो. बारा घोडे, वर छत्री, आणि कुठूनसं वाजणारं संगीत. पहिल्यांदा माझ्यावर बसायला कुणीच आलं नाही. मी एकटाच फिरत होतो आणि काचेपलीकडून इन्शा गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, एवढं पुरे आहे.

हा कॉम्प्युटर तिच्या मोठ्या भावाने, आदिलने, बंद पडलेल्या एका क्लासमधून आणला होता. खेळ त्यात आधीपासूनच होता. आदिल डिप्लोमाला शिकतो आणि त्याला सगळं येतं, निदान त्याचं तरी तसं मत आहे. त्यांची अम्मी सरवरी दिवसभर शिलाई मशीनवर बसते. आणि अब्बा? अझहरभाईंचा लोखंडी आकाशपाळणा आहे. जत्रा-उरूस सुरू झाले की ते टेम्पोत पाळणा घालून निघतात. आज घोडेगाव, मग काष्टी, मग आणखी कुठं. पाळणा जिथं उभा, तिथंच त्यांचं अंथरूण. घरी येतात ते पाहुण्यासारखे.

अशा घरातली मुलगी बाग चालवायला बसली, तेव्हा तिनं काय केलं असेल? थोडे दिवस माझ्यावर गर्दी झाली. मग जरा ओसरली. इन्शा लगेच सरसावून बसली, तिनं आधी दुकानं काढली, मग झुले काढले आणि शेवटी मला काढायला घेतलं. मी विरत गेलो. डोळे उघडले तेव्हा तळ्याच्या पलीकडे उभा होतो. तेच बारा घोडे, तेच संगीत. मी तोच होतो की दुसरा कुणी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. असं पुन्हा झालं, पुन्हा झालं. दर वेळी उभारणीचा खर्च नव्याने लागायचा आणि बागेचे आकडे लाल व्हायचे. आदिलने एकदा मागून पाहिलं आणि तो हसत सुटला.

"अगं, काय करतीस? सारखं मोडतीस काय?"

"जत्रा उठली की," इन्शा म्हणाली. "आता दुसरीकडं न्यायला नको?"

"ही जत्रा उठत न्हाई, येडे. बारा महिने हितंच."

इन्शाचा हात थांबला. "बारा महिने? मग पाळणेवाले घरी राहत्यात?"

"व्हय. जवळच असंल की त्यांचं घर," आदिल म्हणाला आणि मोबाईलमध्ये डोकं घालून निघून गेला.

त्याला वाटलं, आपण खेळाचा नियम सांगितला. पण इन्शाने कळीवरचा हात काढून घेतला. जत्रा न उठवताही पाळणा चालतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग ती अम्मीच्या मशीनपाशी गेली. तिचं बोलणं मी ऐकलं.

"अम्मी, माझी जत्रा नफ्यात आली ना, तर अब्बांना दाखवीन. मग त्ये बी एकाच जागी पाळणा लावतील. हितंच."

"आधी नफा तर येऊ दे," सरवरी म्हणाली आणि दोरा तोडून तिनं पुढचं कापड लावलं.

मोठी माणसं असं सहज बोलून जातात. इन्शाने मात्र ते मनाशी पक्कं धरलं. तीन वर्षांत बाग नफ्यात आली, की अब्बा घरी राहणार. तेव्हापासून मी नुसता खेळातला पाळणा राहिलो नाही, मित्रांनो. माझ्या प्रत्येक फेरीवर त्या मुलीचा जीव टांगलेला होता.

त्याच दिवशी तिनं बागेत एक मेकॅनिक नेमला. निळे कपडे, हातात हत्यारांची पेटी. खेळात नोकरांना नाव देता येतं. तिनं इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं, कारण आमच्या खेळाला मराठी येत नाही. नाव होतं, अब्बा.

मग माझे सुखाचे दिवस आले. इन्शाने बागेचं दार सगळ्यांना मोकळं ठेवलं, पैसे फक्त पाळण्यात बसायचे. जत्रेत तसंच असतं ना? झाडाखाली बाकडी टाकली, कारण लेकरं पाळण्यात बसली की आयांना टेकायला जागा लागते. पाण्याचं दुकान रांगेच्या शेजारी आणलं. लोक माझ्यावरून उतरायचे आणि त्यांच्या डोक्यावर खेळातली अक्षरं उमटायची, घोडे छान आहेत म्हणून. ती वाचली की इन्शा हसायची आणि मी जरा ऐटीत फिरायचो. ऐट करू नये म्हणतात, पण बारा घोड्यांच्या मालकाने करायची नाही तर कुणी करायची?

दुसऱ्या वर्षी आदिलला राहवलं नाही. त्यानं बहिणीला बाजूला सारून एक भला उंच रोलर कोस्टर उभा केला. नुसता आरडाओरडा. लोक त्याच्यातून उतरले की तिथंच ओकायचे आणि झाडूवाले त्यांच्यामागे धावायचे. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण ते नऊ दिवस काही संपेनात. लोक तिकडेच वळले. इकडे मी म्हातारा होत चाललो. फिरता फिरता मध्येच अडकायचो, संगीत तुटायचं, रांगेतली माणसं जांभया देत निघून जायची. मी कमावण्यापेक्षा खाणारा झालो होतो. ते दुखणं कसं असतं, हे तुमच्या घरातल्या जुन्या पंख्याला विचारा.

मी अडकलो की निळ्या कपड्यांतले अब्बा यायचे. बागेच्या कुठल्या टोकाला असले तरी तिथून चालत निघायचे. घाई नाही, कंटाळा नाही. पेटी उघडायची, वाकायचं, ठोकायचं, पेटी बंद करायची. त्यांना चेहरा म्हणाल तर दोन ठिपके. ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. पण ते माझ्यापाशी असले की काच जवळ आल्यासारखी वाटायची, इतकी इन्शा पुढे झुकायची.

"काढून टाक ह्यो घोड्यांचा," आदिल एके दिवशी म्हणाला. "सारखा बंद पडतो. आणि मेकॅनिक बी कमी कर. पगार खातोय नुसता. तिसरं वर्ष चाललंय, नफा न्हाई झाला तर बाग जाईल तुझी."

"न्हाई काढायचा."

"का पण?"

"ह्यो बंद पडला तरच अब्बा हितं येत्यात," इन्शा म्हणाली. "न्हाईतर लांबच फिरत असत्यात."

आदिलने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उंटावरून शेळ्या हाकणारा तो मुलगा त्या दिवशी मात्र खाली उतरला. खुर्ची ओढून बसला आणि दोघा भावंडांनी मिळून बागेतला खर्च कुठं कुठं कमी होतो ते शोधलं. रोलर कोस्टरजवळचं तेलकट खाऊचं दुकान त्याने लांब हलवलं, म्हणजे ओकणारे कमी आणि झाडूवालेही कमी. लाल आकडे फिके होत चालले.

बाहेर मे महिना होता. शाळेला सुट्टी होती, कूलरमध्ये पाणी टिकत नव्हतं. बकरी ईद जवळ आली आणि आमच्या तिसऱ्या वर्षाचा शेवटही. ईदच्या आदल्या दुपारी दारात टेम्पो थांबला. इन्शा खुर्चीवरून उडी मारून पळाली. काचेपलीकडे एक उन्हानं रापलेला माणूस आला, तिला कडेवर घेता येईल का ते बघून, नाही येणार म्हणून हसला. हेच ते अझहरभाई. ईद करून ते तिसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या जत्रेला निघणार होते.

तुम्हाला वाटेल, आता इन्शा आमच्याकडे फिरकलीच नसेल. नाही, मित्रांनो. ती लगेच परत आली. ईदची नमाज झाली, शीरखुर्मा झाला, तशी पुन्हा आली. वर्ष संपायच्या आत नफा दाखवायचा होता ना, आणि अब्बांच्या देखत. "अब्बा, तुमी बसा हितं. एवढं संपवते," असं म्हणून तिनं त्यांना मागच्या बाजेवर बसवलं. ती माझ्याकडे बघायची आणि ते तिच्या पाठीकडे. अम्मी जेवायला हाक मारायची. ती म्हणायची, आलेच. अझहरभाई बसल्या जागी पेंगायचे, जागे व्हायचे, पुन्हा तिच्या वेणीकडे बघायचे. मला दोघंही समोर दिसत होते. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

ईदच्या दिवसाची दुपार झाली. आकडे लाल होते ते काळे झाले. नफा. आमच्या वर्षाचे अगदी थोडे दिवस उरले होते, तेवढे नीट गेले की संपलं. इन्शाचे डोळे चमकत होते. नेमका तेव्हाच मी अडकलो. तळ्याच्या कडेने निळे कपडे चालत येऊ लागले. अझहरभाई उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"ह्यो निळा कोन गं?"

"तुमीच हाये ते, अब्बा. नाव बघा."

अझहरभाईंनी वाकून नाव वाचलं. मग त्या चालणाऱ्या माणसावर बोट ठेवलं.

"जेवतो कवा ह्यो?"

"जेवत न्हाई."

"आन् घरी कवा जातो?"

इन्शाने त्या निळ्या माणसाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरी न्हाई जात. खेळात घर नसतंच त्याला. तो हितंच असतो, अब्बा. बारा महिने."

"मग लई वंगाळ नोकरी दिली की मला," अझहरभाई हसून म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "त्याच्यापरीस मीच बरा. मी घरी तरी येतो. उद्या सकाळी निघायचंय मला, इन्शा."

ते रागावून बोलले नाहीत. गाऱ्हाणंही केलं नाही. उद्या सकाळी निघायचंय, एवढंच. पण मी काचेतून इन्शाचा चेहरा पाहिला आणि तो मला बघवेना. अब्बांना एका जागी ठेवायचं म्हणून तिनं तीन वर्षं बाग चालवली होती, आणि अब्बा दोन दिवसांपासून हाताच्या अंतरावर बसले होते.

तिनं कळ दाबली. सगळं थांबलं.

"अगं, सेव्ह तरी कर," आदिल कुठूनतरी म्हणाला. "लाईट गेली तर सगळं जाईल. जिंकलीच होतीस की." पण खुर्ची रिकामी झाली होती.

तेव्हापासून आम्ही असेच आहोत. माझे सहा घोडे वर आहेत, सहा खाली. एका लेकराच्या हातून फुगा सुटलाय आणि त्याच्या बोटांपासून वीतभर वर थांबलाय. निळ्या कपड्यांचे अब्बा एक पाय उचलून उभे आहेत. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच चालायचं नाही. ही सगळी हकीकत मी त्या थांबलेल्या क्षणातून तुम्हाला सांगतोय. बाहेर अंगणात आकाशपाळण्याची एक बैठक उतरवून बापलेक ती रंगवतायत. इन्शा विचारतेय, घोडेगावला कोण कोण बसलं, कुणाला भीती वाटली, तुमी जेवलात काय, झोपलात कुठं. अझहरभाई एकेक सांगतायत. मध्येच सरवरी हसते. तिचं हसणं मी आजवर ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, जत्रेतल्या पाळण्यातून उतरलात की गडबडीनं पुढे जाऊ नका. पाळणा चालवणाऱ्याला घडीभर विचारा, दादा, तुमचं गाव कोणतं, घरी कोण कोण आहे. त्याला ते सांगायला आवडतं.

आणि माझ्यासाठी एक. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की म्हणतात, आम्हाला विसरू नका, आमची धूळ झटका. माझं मागणं वेगळं आहे. या घरावरून जाताना उघड्या खिडकीतून हा चालू कॉम्प्युटर दिसला, तर इन्शाला हाक मारू नका. लाईट गेली तर जाऊ द्या. टेम्पो उद्या सकाळी निघणार आहे, तोवर तिनं मला विसरलेलंच बरं.