माझ्या पाठीवरच्या गंजी

मी एक जुना मातीचा पट्टा आहे. नुसती उघडी जमीन. पण मित्रांनो, मलासुद्धा कुणीतरी विचार करून घडवलं.

ठाण्याला आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती. घोडबंदरच्या वाटेवर, येऊरच्या डोंगराखाली पंधरा गवती घरांचा पाडा होता. एका उन्हाळ्यात डोंगरावरचा वणवा थेट घरांत शिरला आणि परशुरामची बायको गोदा जळून गेली. तिचं बारावं आटोपल्यावर परशुरामने कुदळ घेतली. डोंगर आणि घरं यांच्यामध्ये वीस हात रुंद जागा त्याने लाल मातीपर्यंत खरवडली. घरांच्या बाजूला ओल्या चिकाच्या शेराच्या झुडपांचं कुंपण लावलं. आगीला खायला काही मिळालं नाही की ती इथेच थांबेल, असं तो सांगायचा. लोक म्हणाले, दुःखाने ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तीन वर्षांनी वणवा पुन्हा उतरला आणि माझ्या काठाशी विझला. मग काय, मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटले. मी फुगून गेलो, खोटं कशाला सांगू!

पुढे परशुरामचे पाय गेले. खाटेवरून तो मुलाला, गोपीनाथला, रोज विचारायचा, "पट्टा साफ हाय ना रं?"

"साफ हाय, बा," गोपीनाथ म्हणायचा.

गवत तो खरंच उपटत असे. पण मी सपाट, बैलगाडी थेट माझ्यापर्यंत यायची. म्हणून मुंबईला धाडायच्या सुक्या गवताच्या गंजी त्याने माझ्यावरच रचल्या. होळीच्या उधाणाला खाडीत मचवा आला की उचलायच्याच होत्या. बापाला कशाला सांगायचं?

मचवा यायच्या आदल्या दुपारी वणवा आला. गोपीनाथ बंदरावर होता. शेजारची रखमाबाई परशुरामला उचलायला धावली.

"मदी पट्टा हाय. भिऊ नको," तो शांतपणे म्हणाला. "तू पोरांना बघ."

तिने आधी पोरांना बाहेर काढलं. परत वळेपर्यंत गंजी पेटल्या होत्या आणि ज्वाळा कुंपणावरून त्याच्या छपरावर पोचल्या होत्या. ज्याने मला घडवलं, त्याच्या दारापर्यंत आग माझ्याच पाठीवरून गेली. मी माती असलो तरी मला त्याची लाज वाटते.

मित्रांनो, मोकळी जागा दिसली की तिच्यावर काहीतरी ठेवावंसं वाटतं. मला मात्र रिकामंच राहू द्या. तेवढंच माझं काम आहे.

गोपीनाथ आता म्हातारा झालाय. दर पौषात तो एकटा मला खरवडतो. पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्यावर टेकवत नाही. काम झालं की काठावर उभा राहतो आणि जळक्या जोत्याकडे बघून म्हणतो, "साफ हाय, बा."